एका घराची पाच उत्तरे

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या ख्रिस्ती घरांमधून एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. रोझरी झालेली असते, जेवणे उरकलेली असतात, मुले झोपी गेलेली असतात आणि आई-वडील हलक्या आवाजात बोलू लागतात. मुलाला बोर्डिंगात ठेवायचे की नाही? शिस्त लागेल, अभ्यास होईल, धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या नजरेखाली राहील, हे एका बाजूला. एवढेसे पोर, रात्री ताप चढला तर त्याच्या कपाळावर हात कोण ठेवील, हे दुसऱ्या बाजूला. आजीचे मत एक, काकांचे दुसरे. शेजारच्या घरचा मुलगा बोर्डिंगात राहून मोठा झाला, तर पलीकडच्या घरचा महिन्याभरात रडत परत आला. दोन्ही दाखले खरे असतात आणि दोन्हींनी निर्णय होत नाही.

आपल्या बोलीत या गोष्टीसाठी दोन क्रियापदे आहेत. कोणी म्हणतो, मुलाला बोर्डिंगात ठेवले; कोणी म्हणतो, बोर्डिंगात टाकले. बोलणारा बहुधा विचार न करता बोलतो, परंतु ऐकणाऱ्या मुलाला त्यातला फरक कळतो.

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ज्या खेड्यांत गावची शाळा चार इयत्तांवर संपत असे, तिथल्या मुलांना मिशनचे बोर्डिंग हीच पुढे शिकण्याची वाट होती. पाचगणीच्या डोंगरावर धर्मभगिनींचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ पासून उभे आहे. मुलींना कॉन्व्हेंटात ठेवून शिकविण्याची ही रीत युरोपातील मठशाळांतून आपल्याकडे आली. म्हणून त्याच शतकातील एका फ्रेंच घराकडे वाचकांना नेण्याचे आम्ही योजिले आहे. ते घर आपल्याला अगदीच परके नाही. बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्या कितीतरी देवघरांत आहे. तिच्या आई-वडिलांपुढेही हाच प्रश्न होता, तोही एकदा नव्हे तर पाच मुलींसाठी पाच वेळा.

आलाँसोंचे घर

उत्तर फ्रान्समधील आलाँसों हे गाव सुईने विणलेल्या लेससाठी प्रसिद्ध होते. झेली गेरँ या तरुणीने १८५३ मध्ये तेथे लेसचा स्वतःचा धंदा सुरू केला. लुई मार्टिन हे त्याच गावातील घड्याळजी. दोघांचा विवाह १३ जुलै १८५८ रोजी झाला. त्यांना नऊ अपत्ये झाली. त्यांतील चार बाळपणीच देवाघरी गेली. मागे राहिलेल्या पाचही मुली : मरी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेज.

झेलीचा व्यवसाय चांगला चालला होता. घरोघरी काम करणाऱ्या कारागीर स्त्रियांकडून लेसचे तुकडे येत आणि ते बेमालूम जोडण्याचे नाजूक काम ती स्वतः करी. हाताखाली माणसे, गिऱ्हाइकांच्या तारखा, पाळण्यात मूल, असा तिचा दिवस असे. पुढे १८७० मध्ये लुईंनी आपले घड्याळांचे दुकान भाच्याला दिले आणि पत्नीच्या धंद्यात तिला साथ दिली.

मुलींच्या शिक्षणाची व्यवस्था त्या काळी फ्रान्समध्ये बहुतांशी धर्मभगिनींच्या हाती होती. मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढण्याचा कायदा तेथे १८८० मध्ये झाला. त्याआधी बऱ्या स्थितीतील कॅथलिक कुटुंब आपल्या मुलीला काही वर्षे मठशाळेत ठेवी. लिहिणे, वाचणे, शिवणकाम आणि धर्मशिक्षण तिथे होई आणि पुष्कळदा पहिले कम्युनियनही तिथेच होई.

जाळीपलीकडची बहीण

आलाँसोंपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर ल मां हे शहर आहे. तेथे मरीयाभेटीच्या धर्मसंघाचा, म्हणजे व्हिजिटेशनचा मठ होता. संत फ्रान्सिस द सेल्स आणि संत जेन द शांताल यांनी १६१० मध्ये स्थापन केलेला हा संघ. झेलीची थोरली बहीण १८५८ मध्ये याच मठात दाखल झाली आणि सिस्टर मरी-दोसिते झाली.

स्वतः झेलीलाही तरुणपणी मठात जाण्याची ओढ होती. विवाहाच्या दिवशीच ती पतीसह बहिणीला भेटायला ल मांला गेली आणि मठाच्या जाळीपाशी उभी राहून अनावर रडली. जाळीपलीकडे बहिणीचे जीवन होते, अलीकडे तिचे स्वतःचे, आणि त्या क्षणी तिला पलीकडे असावेसे वाटत होते. ही गोष्ट तिने जवळजवळ एकोणीस वर्षांनी, १८७७ मध्ये, पोलीनला पत्रातून सांगितली. लुईंनी आपले दुःख ओळखून आपल्याला धीर दिला आणि मुले झाल्यावर मात्र आपण दोघे त्यांच्यासाठीच जगू लागलो, असेही तिने त्यात लिहिले.

झेलीचे स्वतःचे बाळपण कोरडे गेले होते. घरात धाक होता, कौतुक नव्हते. आपल्याला साधी बाहुलीसुद्धा कधी मिळाली नाही, असे तिने भावाला लिहिले होते. आपल्या मुलींचे बाळपण तसे जाऊ नये याविषयी ती जागरूक होती. अशा आईने आपल्या मुली घराबाहेर ठेवायच्या, ही गोष्ट सोपी नव्हती.

१८६८ चा ऑक्टोबर

त्या वर्षी २४ ऑगस्टला मार्टिन कुटुंबाचा आठ महिन्यांचा मुलगा वारला. त्याच्या आधीचा मुलगाही तान्हाच गेला होता. पुढे दहा दिवसांत, ३ सप्टेंबरला, झेलीच्या वडिलांचे निधन झाले. त्यानंतर महिना-दीड महिना उलटला आणि ऑक्टोबरमध्ये आठ वर्षांची मरी व सात वर्षांची पोलीन या दोघींना ल मांच्या मठशाळेत ठेवण्यात आले.

तारखा एकापुढे एक मांडल्या की आपण क्षणभर थबकतो. एक पाळणा रिकामा झालेला असताना या आईने दोन मुलींची सामानाची पेटी कशी भरली असेल? परंतु कारणे समजण्याजोगी आहेत. घरी लेओनी आणि एलेन या दोन लहानग्या होत्या. धंद्याचा भार होता. थोरल्या दोघींचे शिकण्याचे वय झाले होते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्या मठात त्यांची सख्खी मावशी होती. आई-वडिलांनी मुलींना अनोळखी भिंतींच्या स्वाधीन केले नाही. ज्या माणसावर त्यांचा पूर्ण विश्वास होता त्याच्या हाती दिले. दोघी बहिणींना एकत्र पाठविले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

तरीही मरीला ते जड गेले. ती स्वतंत्र वृत्तीची मुलगी होती आणि मठाच्या चौकटीत तिचा जीव घुसमटे. मावशीवर तिची माया होती, तिचे पहिले कम्युनियनही २ जुलै १८६९ रोजी तिथेच झाले, पण घराची ओढ काही सुटली नाही. पोलीन मात्र लवकर रुळली. तीच शाळा, तीच मावशी, तेच जेवण, आणि दोन बहिणींचे दोन अनुभव.

१८७३ च्या वसंतात मरीला विषमज्वर झाला. ती घरी होती आणि आईने तिची शुश्रूषा केली. लुई मार्टिन उपाशीपोटी पायी निघून शोमाँच्या टेकडीपर्यंत गेले आणि लेकीसाठी प्रार्थना करून परतले. मुलगी बरी झाली व पुन्हा शाळेत गेली. १८७५ च्या उन्हाळ्यात शिक्षण पुरे करून ती कायमची घरी आली. पोलीन १८७७ पर्यंत ल मांला राहिली.

पत्रे

या वियोगाच्या वर्षांत झेलीने पत्रे लिहिली. दिवसाचे काम आटोपून, घर झोपी गेल्यावर ती लिही. तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील पुष्कळ पोलीनला लिहिलेली आहेत. त्यांत उपदेश थोडा आणि घर फार आहे. कोण आजारी, कोणाला नवा झगा शिवला, बाबा कुठे गेले होते, सेलीन काय बोलली, धाकटीने आज कोणता हट्ट केला. शाळेत बसलेल्या मुलीला आपल्या वाचून घरातले काहीच पुढे सरकलेले नाही असे वाटावे, इतके बारकावे त्यांत असत.

भेटीही होत. १८७५ मध्ये झेली दोन वर्षांच्या तेरेजला घेऊन आगगाडीने ल मांला गेली. मावशीने भाचीला खाऊने भरलेली एक छोटी टोपली दिली आणि त्यावर साखरेच्या दोन अंगठ्या होत्या. त्यांतील एक अंगठी वाटेत हरवली म्हणून तेरेज रडली. ही आठवण तिने पुढे आत्मचरित्रात नोंदविली आहे.

त्या आत्मचरित्रात तेरेजने आपल्या बाळपणाविषयी जे लिहिले त्याला या पत्रांचा मोठा आधार आहे. आईने पोलीनला लिहिलेल्या पत्रांतील उतारे तिने त्यात घेतले आहेत. आई वारली तेव्हा तेरेज साडेचार वर्षांची होती. स्वतःच्या आठवणींवर तिला फारसे विसंबता आले नसते. पोलीन दूर होती म्हणून आईने लिहिले, आणि आईने लिहिले म्हणून धाकटीला आपली हरवलेली आई पुन्हा वाचता आली.

लेओनी

आता तिसऱ्या मुलीकडे वळू. आमच्या मते या घराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा तिच्यापाशी आहे.

लेओनीचा जन्म १८६३ चा. बाळपणी ती सतत आजारी असे. मोठ्या दोघी हुशार आणि जोडीने वाढलेल्या, धाकट्या दोघी लाडक्या आणि जोडीने वाढलेल्या. मधली लेओनी एकटी पडली. अभ्यासात मागे, हट्टी, समजावले तरी न ऐकणारी, अशी तिची ख्याती झाली. ल मांची शाळा बहिणींना मानवली तर हिलाही मानवेल, या आशेने आई-वडिलांनी १८७१ मध्ये तिला तेथे पाठविले. ती टिकली नाही. १८७४ च्या आरंभी पुन्हा प्रयत्न झाला. मावशीने तिच्यासाठी फार खटपट केली, दटावून पाहिले, गोडीने घेऊन पाहिले. एप्रिलमध्ये शाळेने तिला परत धाडले.

झेलीला हा घाव मोठा होता. आपल्यानंतर या मुलीचे कसे होईल, ही चिंता तिच्या पत्रांतून पुनःपुन्हा येते. आपल्याकडेही असे मूल परत आले की घर खाली मान घालते. पाहुणे विचारतात, परत का आला? आणि उत्तर मुलासमोरच दिले जाते.

१८७७ च्या फेब्रुवारीत मावशी क्षयाने वारली. त्याआधी लेओनीने तिला एक पत्र लिहिले होते. आपण स्वर्गात गेल्यावर मला खरी धर्मभगिनी होण्याचे पाचारण मिळावे म्हणून देवाकडे मागा, अशी तिची विनंती होती. घरच्या माणसांना या पत्राचे नवल वाटले. ज्या मुलीला मठशाळेत तीन-चार महिने धड राहता आले नाही, ती हे लिहीत होती.

मावशीच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत घरातले एक गुपित उघडकीस आले. लेओनी फक्त मोलकरीण लुईझ हिचे ऐके, दुसऱ्या कोणाचे नाही. आईला याचे कोडे पडले होते. लुईझ लेओनीला धमक्या देऊन आपल्या मुठीत ठेवते आणि याविषयी चकार शब्द काढायचा नाही असा धाक घालते, हे मरीच्या लक्षात आले. हा प्रकार बराच काळ चालला होता. मुलगी आईपासून दूर राहत होती ती हट्टाने नव्हे, भीतीने.

झेली हादरली. तिने मोलकरणीला खडसावले आणि लेओनीवरचा तिचा सगळा अधिकार काढून घेतला. त्यानंतर लेओनी आईला अशी बिलगली की तिच्यापासून हलेना. परंतु झेलीला तोवर स्तनाच्या कर्करोगाने ग्रासले होते. २८ ऑगस्ट १८७७ रोजी ती देवाघरी गेली. आई आणि ही मुलगी यांना एकमेकींसाठी जेमतेम पाच-सहा महिने मिळाले.

बोर्डिंगविषयी बोलताना आपण नेहमी धरून चालतो की धोका बाहेर असतो आणि घर सुरक्षित असते. मार्टिन दांपत्य प्रेमळ होते, जागरूक होते, आज ख्रिस्तसभेने संत म्हणून गौरविलेले आहे. तरी त्यांच्याच छपराखाली त्यांची मुलगी भीतीत वाढत होती आणि त्यांना ते दिसले नाही. शाळेतून परत आलेल्या मुलीत त्यांनी दोष शोधला. त्या वागण्याचे एक मोठे कारण मात्र घरातच दडलेले होते. ते जिच्या नजरेला आले ती मरी स्वतः सात वर्षे बोर्डिंगात राहून घरी आलेली होती, हेही आम्हांला विचार करायला लावते.

एकट्या बापाचा निर्णय

पत्नीच्या निधनानंतर लुई मार्टिन पाच मुलींना घेऊन लिझ्यू येथे राहायला गेले. तेथे झेलीच्या भावाचे कुटुंब होते. त्या गावी बेनेदिक्तीन धर्मभगिनींची शाळा होती. लेओनीला तेथे बोर्डिंगात ठेवले आणि या वेळी ती टिकली. सेलीन मात्र रोज सकाळी जाई व संध्याकाळी घरी परते. म्हणजे एकाच शाळेत एक मुलगी राहणारी, दुसरी येऊन-जाऊन शिकणारी.

तेरेजला घरीच पोलीन शिकवी. १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये, साडेआठ वर्षांची असताना, तीही त्याच शाळेत जाऊ लागली. रोज संध्याकाळी वडिलांच्या घरी परत येत असूनही तेथील दिवस तिला अतिशय दुःखाचे गेले, असे तिने पुढे लिहिले. अभ्यासात पुढे असल्यामुळे तिला मोठ्या मुलींत बसविले आणि त्यांतील एकीने तिला छळले. खेळांत ती रमत नसे. झाडाखाली मरून पडलेली पाखरे गोळा करून ती पुरीत असे. तिची शिकवणारी आणि जणू दुसरी आई झालेली पोलीन १८८२ मध्ये कार्मेल मठात गेली. पुढल्या वर्षी तेरेज गंभीर आजारी पडली. १८८५ मध्ये सेलीनचे शिक्षण संपले आणि शाळेत तेरेज एकटी उरली. तिचे डोके सतत दुखू लागले. १८८६ च्या आरंभी लुई मार्टिननी तिला शाळेतून काढले आणि पापिनो नावाच्या बाईंकडे तिची शिकवणी लावली.

जगाच्या दृष्टीने ती अर्धवट सोडलेली शाळा होती. त्या मुलीला १९२५ मध्ये संतपद मिळाले आणि १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले. शाळा सोडली म्हणून ती संत झाली, असा अर्थ कोणी काढू नये. अभ्यासाची गाडी चालू ठेवण्यासाठी मुलीचे मन मोडू द्यायचे नाही, एवढे एका बापाने ठरविले आणि पाऊल मागे घेतले. पाऊल मागे घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

हिशेब

मरी बोर्डिंगात राहिली, कष्टाने. पोलीन राहिली, आनंदाने. लेओनी दोनदा परत आली आणि तिसऱ्या ठिकाणी टिकली. सेलीन घरून शाळेत गेली. तेरेजला शाळेतून काढावे लागले. एका घराने, एकाच श्रद्धेने, पाच मुलींसाठी पाच उत्तरे दिली. पाचही जणी पुढे धर्मभगिनी झाल्या. तेव्हा कोणते उत्तर योग्य ठरले हे त्यांच्या पुढल्या आयुष्यावरून सिद्ध करता येत नाही.

लेओनीची कथा अजून थोडी उरली आहे. मठात राहण्याचे तिचे तीन प्रयत्न फसले. १८९९ मध्ये चौथ्या प्रयत्नात ती कां शहरातील व्हिजिटेशन मठात आली. ज्या संघाच्या शाळेने तिला लहानपणी परत पाठविले होते, तोच हा संघ. या वेळी ती राहिली ती १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, बेचाळीस वर्षे. २०१५ मध्ये तिला संतपद मिळावे म्हणून चौकशीला आरंभ झाला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला पोप फ्रान्सिस यांनी तिच्या आई-वडिलांना संत म्हणून घोषित केले. पती-पत्नीला एकत्र संतपद मिळण्याची ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ.

आपल्या धर्मग्रामातील ज्या घरांत यंदा हा प्रश्न उभा आहे, त्यांना आमच्याकडे तयार उत्तर नाही. मार्टिन दांपत्याकडेही नव्हते. त्यांनी थोरलीचे उत्तर धाकटीला लावले नाही, आणि जेव्हा लावून पाहिले तेव्हा लेओनी परत आली. त्यांनी मुलीला ओळखीच्या माणसाच्या हाती दिले, पत्रांत खंड पडू दिला नाही आणि परतीचे दार उघडे ठेवले. त्यांच्या हातून एक मोठी गोष्ट नजरेआड झाली, आणि ती कळल्यावर त्यांनी ती झाकली नाही.

तेव्हा जूनमध्ये पेटी भरण्यापूर्वी मुलाला एकदा जवळ बसवून विचारावे. पाठविलेच, तर आठवड्याचा फोन केवळ गुणांच्या चौकशीत संपवू नये. घरातली मांजर, अंगणातला आंबा, आजीचे गुडघे, सारे त्याला सांगावे. आणि मूल परत आले, तर त्याला काय झाले हे विचारताना घरातही एकदा नजर फिरवावी. एवढे केले तर मुलाला बोर्डिंगात ठेवले असे म्हणता येईल. टाकले, असे म्हणण्याची वेळ येणार नाही.